भाड्याच्या भिंती आणि पेढीचे भांडवल

कोणत्याही पेढीचा स्वभाव तिच्या बैठकीवरून ओळखता येत असे. पांढरीशुभ्र गादी, लोड-तक्के, पुढ्यात बैठे मेज, त्यावर लाल कापडी बांधणीच्या चोपड्या आणि मागे भिंतीत बसविलेली लोखंडी तिजोरी, एवढाच काय तो सरंजाम. शेठजी, मुनीमजी आणि गिऱ्हाईक एकाच पातळीवर बसत. या मांडणीस खर्च फारसा नव्हता आणि जागा सोडावी लागली तर एका हातगाडीत सगळी पेढी हलविता येत असे.

आज त्याच घराण्यांतील तिसरी पिढी वांद्रे-कुर्ला संकुलात, ठाण्यात किंवा पुण्याच्या खराडी-बाणेर भागात कार्यालय थाटते, तेव्हा प्रथम भेट होते ती इंटिरियरवाल्याची. त्याच्या आराखड्यात काचेच्या भिंती असतात, छत उघडे ठेवून दिसणारे एसीचे डक्ट असतात, उभ्याने काम करता येईल अशी वर-खाली होणारी टेबले असतात, फोनवर बोलण्यासाठी छोट्या बंद खोल्या असतात आणि जागोजागी कुंड्या असतात. कर्मचाऱ्यास स्वतःची ठरलेली जागा नसते; जो येईल त्याने रिकाम्या मेजावर बसावे, अशी योजना असते. करोनाच्या साथीनंतर आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि या योजनेस बळ मिळाले. चाळीस माणसांसाठी पंचवीस मेजे पुरतात, हा हिशेब मालकास सहज पटतो.

मात्र हे प्रयोग नवे नाहीत. अमेरिकेतील बफेलो येथे फ्रँक लॉइड राइट यांनी १९०६ साली पूर्ण केलेल्या लार्किन कंपनीच्या इमारतीत कारकुनांच्या रांगा एका मोठ्या खुल्या दालनात बसविल्या होत्या. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील श्नेल बंधूंनी हँबुर्गजवळच्या क्विकबोर्न गावातून निराळा विचार मांडला. कागदपत्रे ज्या मार्गाने फिरतात त्या मार्गाप्रमाणे मेजे मांडावीत, मधे भिंती नसाव्यात आणि झाडांनी आडोसा करावा, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या कुंड्यांचे मूळ तेथे सापडते.

याहून बोधप्रद कथा रॉबर्ट प्रॉप्स्ट यांची आहे. हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी काम करताना त्यांनी १९६४ साली ‘ॲक्शन ऑफिस’ ही रचना आणली आणि १९६८ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. कर्मचाऱ्यास हालचालीस वाव मिळावा, थोडा आडोसा मिळावा आणि गरजेप्रमाणे पडदे हलविता यावेत, हा त्यांचा हेतू होता. कंपन्यांनी त्यातील हलणारे पडदे तेवढे उचलले, ते काटकोनात जोडले आणि एकेका दालनात शक्य तितके चौकोन कोंबले. क्युबिकल नावाचा खुराडा असा जन्मास आला. त्यास करव्यवस्थेचाही हातभार लागला. फर्निचरचा घसारा पक्क्या भिंतींपेक्षा लवकर वजा करता येत असल्याने हे पडदे हिशेबाला सोयीचे ठरले. माणसाच्या सोयीसाठी काढलेली कल्पना जागेच्या काटकसरीसाठी कशी वापरली जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

क्युबिकलला कंटाळून जग पुन्हा खुल्या दालनाकडे वळले. भिंती पाडल्या की माणसे एकमेकांशी अधिक बोलतील आणि त्यातून कल्पना स्फुरतील, असे मानले गेले. हार्वर्डचे ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत प्रत्यक्ष मोजमाप करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुल्या दालनात गेल्यावर समोरासमोरचा संवाद वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल वाढले. सर्वांच्या नजरेसमोर बसलेला माणूस कानात यंत्र घालून पडद्याकडे पाहत राहतो. आपल्या कार्यालयांत जमाखर्च, करविवरण आणि वसुली अशी एकाग्रतेची कामे करणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यांनी तर याचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

आता पैशाकडे वळू. बहुतेक कार्यालये लिव्ह अँड लायसन्सवर असतात आणि करार प्रायः ३ ते ५ वर्षांचा असतो. समजा, १,५०० चौरस फूट जागा दरमहा १,५०,००० रुपये भाड्याने घेतली आणि सजावटीस चौरस फुटास २,५०० रुपये लागले. एकूण खर्च ३७,५०,००० रुपये झाला. पाच वर्षांत तो विभागला तर दरमहा ६२,५०० रुपये होतात. म्हणजे खरे भाडे २,१२,५०० रुपये. जागा तीनच वर्षांत सोडावी लागली तर हाच बोजा महिन्याला एक लाखाच्या वर जातो. अडकलेल्या भांडवलाचे व्याज यात धरलेलेच नाही.

आयकराच्या प्रचलित नियमांत फर्निचर व जोडकामावर शिल्लक मूल्याच्या १० टक्के घसारा मिळत आला आहे. त्या दराने पाच वर्षांनंतरही आयकराच्या हिशेबात सुमारे २२ लाख रुपये शिल्लक दिसतील. प्रत्यक्षात मात्र जागामालकाच्या भिंतीला चिकटलेल्या त्या सजावटीतून दमडीही परत येणार नाही. उलट अनेक करारांत जागा पूर्ववत करून देण्याची अट असते. मग लाकूड बसविण्याचे पैसे आणि ते काढण्याचे पैसे असे दोन्ही भाडेकरूच्या माथी बसतात. बँकाही फॉल्स सीलिंगला तारण मानीत नाहीत. जीएसटीचेही तसेच आहे. स्थावरात मोडणाऱ्या बांधकामावर भरलेल्या कराचे क्रेडिट सामान्यतः मिळत नाही; करपात्र व्यवसायास सुट्या फर्निचरवर मात्र ते मिळू शकते.

म्हणून कामास हात घालण्यापूर्वी करार नीट वाचावा. लॉक-इनची मुदत दोन्ही पक्षांना बांधते की केवळ भाडेकरूस, हे पाहावे. भाडे कार्पेट एरियावर आहे की जिने आणि मार्गिका धरून, हे विचारावे. महाराष्ट्रात असा करार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. सजावटीच्या कामाचे दिवस भाडेमुक्त मिळावेत, ही मागणी बाजारात सर्रास मान्य होते. तथापि संकोचामुळे ती मागितलीच जात नाही.

सौंदर्याच्या आधी सुरक्षितता यावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये आगरोधक यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार दोघांवरही आहे. नव्या पार्टिशनमुळे बाहेर पडण्याचा मार्ग अडणे, स्प्रिंकलर झाकले जाणे, जुन्या वायरिंगवर दुप्पट भार पडणे या गोष्टी उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्याच ध्यानात येत नाहीत. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार पाळणाघराची सोय करावी लागते. ती आराखड्यातच असावी. नंतर कोपरा शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

मग खर्च कशावर करावा? उत्तम खुर्ची, डोळ्यांना न खुपणारा प्रकाश, खेळती हवा आणि आवाज शोषणारे साधे फलक, या चार गोष्टींवर सढळ हाताने करावा. त्यांतील बहुतेक वस्तू जागा सोडताना सोबत नेता येतात. पार्टिशन सुटे करता येतील असे घ्यावे. शांत कामासाठी एक बंद खोली राखावी आणि ती मालकाच्या केबिनआधी निश्चित करावी. संगमरवर, कोरीव लाकूड आणि स्वागतकक्षातील झुंबर स्वतःच्या मालकीच्या जागेसाठी ठेवावे.

पंचवीस वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या ज्येष्ठ लेखनिकाची ठरलेली जागा काढून घेण्यापूर्वी त्याच्याशी एकवार बोलावे. त्याच्या ड्रॉवरमधील जुनी डायरी, चष्मा आणि औषधाची पट्टी आराखड्यात दिसत नाहीत. तरी रोज सकाळी नवे मेज शोधण्याचा त्रास त्यालाच होणार असतो. नव्या पिढीस काच आवडते, जुन्या पिढीस गादी. दोघांनी एकत्र बसून आधी कामाची यादी करावी, मग माणसांची आणि सर्वांत शेवटी रंगांची. जागा सोडण्याची वेळ आल्यावर मागे किती उरेल आणि सोबत काय येईल, हा प्रश्न त्या बैठकीतच विचारलेला बरा.