प्रकल्प बंद करू नका, गावापुढे मांडा

विद्यार्थ्यांनी गटाने आरोग्य, पर्यावरण आणि परिसरातल्या प्रश्नांवर संशोधन करावे, अशी मागणी निघाली की शिक्षणक्षेत्रातला एक मोठा वर्ग नकारार्थी मान हलवतो. त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे अभ्यासक्रम आले, त्यांच्याबरोबर प्रकल्प आले आणि अकरावी-बारावीच्या प्रकल्पवहीचे काय झाले ते घरोघरी ठाऊक आहे. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ हा विषय, दुकानातून आणलेली चित्रे, इंटरनेटवरून उतरवलेली प्रस्तावना, मागच्या वर्षीच्या वहीतले निष्कर्ष आणि शेवटी सही. गटातला एकजण लिहितो, बाकीचे नाव घालतात. टीकाकार विचारतात, हा देखावा आणखी कशाला वाढवायचा? त्यापेक्षा मुलांना पाठ्यपुस्तकातले विज्ञान नीट शिकवा आणि संशोधन तज्ज्ञांवर सोडा.

रोग खरा आहे, निदान चुकले आहे. प्रकल्पवही उतरवून काढता येते, कारण तिच्यातल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नको असते. शिक्षकांना ते आधीच माहीत असते, विद्यार्थ्याला गुण हवे असतात आणि गावाला तर असा काही प्रकल्प झाल्याचा पत्ताही नसतो. ‘जलप्रदूषण’ या विषयावरची वही नागपूरहून सांगलीला नेली तरी तिच्यात एक अक्षर बदलावे लागत नाही. पण ‘आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोहोचते का?’ असा प्रश्न घेतला की उत्तर दुसऱ्या गावातून आणता येत नाही. ते रोज सकाळी नळाशी जाऊनच काढावे लागते, आणि चुकीचे काढले तर त्या नळाचे पाणी भरणारी बाईच ते खोडून काढते. विद्यार्थ्यांच्या संशोधनाला खरेपणा येतो तो अशा गरजवंतांमुळे. म्हणून प्रकल्पांची संख्या कमी-जास्त करण्याचा वाद बाजूला ठेवून, प्रकल्प कोणाला जबाबदार आहे हे आधी ठरवले पाहिजे.

याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात मिळतो. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी या शहराचा पाणीपुरवठा डेट्रॉइट शहराकडून फ्लिंट नदीवर वळवला गेला. पाण्याने नळ गंजू नयेत म्हणून जे रसायन मिसळायला हवे होते, ते मिसळले गेले नाही आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. रहिवाशांनी वर्षभर तक्रारी केल्या. पाणी सुरक्षित आहे असेच उत्तर त्यांना मिळत राहिले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या मार्गदर्शनाखाली नमुन्यांच्या बाटल्यांचे ३०० संच तयार करून फ्लिंटला पाठवले. प्रत्येक घराने तीन नमुने घ्यायचे होते. पहिला, किमान सहा तास नळ बंद ठेवल्यानंतरच्या पहिल्या धारेचा. दुसरा, पाणी ४५ सेकंद वाहू दिल्यावर. तिसरा, दोन मिनिटांनी. घरातल्या नळात शिसे मिसळते की रस्त्याखालच्या जोडणीत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नमुने घेतले नागरिकांनी, तपासले विद्यार्थ्यांनी. अडीचशेहून अधिक घरांचे नमुने परत आले आणि दर दहातल्या एका घरात शिसे अब्ज भागांत २७ भाग किंवा त्याहून अधिक निघाले. कारवाईची मर्यादा होती १५. अधिकाऱ्यांनी आधी हे निष्कर्ष उडवून लावले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे दाखवले आणि ऑक्टोबरमध्ये शहराचे पाणी पुन्हा डेट्रॉइटकडून घेतले जाऊ लागले.

विद्यार्थ्यांच्या नोंदी विश्वासार्ह नसतात, हा पहिला आक्षेप इथेच अडखळतो. फ्लिंटच्या सरकारी तपासणीतून दोन नमुने वगळले गेले होते आणि त्यामुळे शहराचा आकडा मर्यादेखाली आला होता. म्हणजे आकड्याची विश्वासार्हता मोजणाऱ्याच्या पदावर ठरत नाही, पद्धतीवर ठरते. पद्धत शिकवता येते : वेळ एकच ठेवायची, तोच नमुना दुसऱ्या गटाने पुन्हा तपासायचा, काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून ताळा करायचा, नकोसा आकडा खोडायचा नाही. विज्ञान शिकवायचे म्हणजे याहून वेगळे काय शिकवायचे असते?

आपल्याकडे याची जमीन तयार आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांना स्थानिक प्रश्नावर, आपल्या भाषेत, गटाने काम करायला सांगत आली आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि धोक्यानुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. गावात जलसुरक्षक असतो. तो पाणी शुद्ध करणारी टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकतो आणि क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करतो. पाण्यात चाचणीच्या रसायनाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. थेंब टाकण्याचे काम त्यानेच करावे, कारण ते रसायन मुलांच्या हाती देण्याजोगे नाही. पण टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत दहा नळ निवडून महिनाभराचा तक्ता ठेवणे नववीच्या मुलांना सहज जमेल. शेवटच्या तीन नळांवर रंग येत नसेल, तर नळवाहिनी गळते आहे, मात्रा कमी पडते आहे, की दमट खोलीत उघडी राहिलेली पावडर निकामी झाली आहे, हे एकेक करून तपासता येते. तिथे रसायनशास्त्र, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच तक्त्यात येतात.

दुसरा आक्षेप असा की हे सरकारचे काम आहे. ते मुलांच्या आणि आधीच अशैक्षणिक कामांनी पिचलेल्या शिक्षकांच्या गळ्यात का घालायचे? शुद्ध पाणी देणे हे ग्रामपंचायतीचेच काम आहे आणि ते तिच्याकडेच राहिले पाहिजे. पण ते काम झाले की नाही हे पाहणे नागरिकांचे आहे आणि नागरिक घडवणे शाळेचे. शिवाय इथे नवा बोजा नाही. जी वही आज लिहून घेतली जाते, तपासली जाते आणि रद्दीत जाते, तिच्याच जागी हे काम बसवायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. घरोघरी आजारपणाची चौकशी मुलांनी करणे योग्य नव्हे, आणि गावाची उणीव उघडी पाडल्यास शाळा राजकारणात ओढली जाईल. पहिली हरकत मान्यच केली पाहिजे. कोणाचे नाव किंवा आजार मुलांनी लिहू नये; प्राथमिक आरोग्य केंद्राकडून जुलाबाच्या रुग्णांचे वस्तीवार आकडे मिळाले तरी पुरे. दुसऱ्या हरकतीचे उत्तर सहभागात आहे. जलसुरक्षक, आशाताई, सरपंच आणि पाणी भरणाऱ्या बायका प्रश्न ठरवतानाच सोबत असतील, तर निष्कर्ष कोणावरचा आरोप ठरत नाही, सर्वांचे काम ठरतो. सगळे परस्पर करून शेवटी अहवाल तोंडावर फेकला, तरच भांडण पेटते.

प्रकल्प बंद केल्याने नक्कल थांबेल. पण विचारण्याची सवयही थांबेल, आणि ती पाठ्यपुस्तकातून परत येत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे, या वर्षी एका वर्गाला तरी गावाचा एकच प्रश्न द्या, तो गावकऱ्यांसोबत ठरवा, आणि सरपंचांना सांगून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांना आपला तक्ता वाचू द्या. ज्या निष्कर्षांवर भर सभेत प्रश्न येणार आहेत, ते मागच्या वर्षीच्या वहीतून कोणी उतरवणार नाही.