शंभर दाण्यांची शाळा

मृगाच्या तोंडावर घनसावंगीच्या आमच्या घरी एक काम ठरलेले असे. वडील घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून १०० दाणे न निवडता मोजून घेत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवत. आठवड्याने आई मोड आलेले दाणे मोजी. ७० भरले तर बियाणे पेरणीचे. दाणा दिसायला टपोरा आहे, एवढ्यावर पेरणी होत नसे. 'गुणवत्ता नियंत्रण' हा शब्द मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

तो मला पदविकेत भेटला. पुढे जालन्याच्या एका कारखान्यात मी तपासनीस झालो. जालना म्हणजे पोलाद आणि बियाणे. दोन्ही मालांचा कस डोळ्यांना दिसत नाही. १२ मिलिमीटरच्या सळईचे मीटरमागे वजन ८८८ ग्रॅम धरतात. थोडाफार फरक मानकाला चालतो. एका रात्रपाळीत माल त्याहूनही हलका भरला. ट्रक दारात उभा होता. "सही करून टाक, सकाळी बघू," साहेब म्हणाले. मी सही केली. ती सळई कोणाच्या स्लॅबात गेली, मला आजही माहीत नाही. वजन कसे करायचे ते मला शिकवले होते. नाही कसे म्हणायचे, ते कोणी शिकवले नव्हते.

वॉल्टर शेवार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला. त्याचे सार सोपे आहे : माल बिघडल्यावर बाजूला काढण्यापेक्षा यंत्र बिघडू लागतानाच ओळखावे. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शेवार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तीही परिसरातल्या धंद्यांना धरून कौशल्य शिकवण्यासाठी. मग असा अभ्यासक्रम घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी का नसावा? बियाणे, सळई, उसाचा रस, डाळ हीच त्याची प्रयोगशाळा.

"नोकरी कुठे आहे?" असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण नुसत्या प्रमाणपत्राला कारखानदार विचारत नाही. खरी नोंद ठेवणारा हात त्यालाही हवा असतो. म्हणून माझी सूचना एवढीच, की परीक्षेत विद्यार्थ्यापुढे नापास माल ठेवावा, घाई करणारा 'साहेब'ही उभा करावा आणि गुण त्याच्या नकाराला द्यावेत.

एका वर्षी आमच्या गोणपाटात ५८ दाणेच उगवले. आभाळ भरून आले होते, शेजारी पेरते झाले होते. वडिलांनी ते पोते मोंढ्यावर विकले, उसनवारी करून दुसरे बियाणे आणले आणि चार दिवस उशिरा पेरले. माझ्या पदविकेत नसलेला धडा त्यांनी तेव्हाच दिला होता. तो मला फार उशिरा कळला.