धाप लागली की सगळ्यांनाच ‘दमा’ कसा?

मंडळी, आपल्या हिंगोली जिल्ह्यात धाप लागणाऱ्या प्रत्येकाला एकच नाव मिळतं, दमा. शाळकरी पोराला दमा, बिडी ओढून छाती कामातून गेलेल्या आजोबांना दमा, अन् जन्मभर चुलीपुढं बसलेल्या आजीलाही दमाच. रोग वेगळे असू शकतात, चिठ्ठी मात्र सारखीच.

माझ्या नात्यातल्या एक काकू आहेत, साठीच्या आसपास. बिडी-तंबाखूला कधी हात लावला नाही. पहिल्या डॉक्टरनं दमा सांगितला, दुसऱ्यानं टीबीची शंका घेतली, तिसरा म्हणाला सीओपीडी. एक्स-रेची थप्पी झाली, पण सहा वर्षांत फुंकायच्या मशीनवरची तपासणी एकदाही झाली नाही. काकू विचारतात, "बाबा, मला झालंय तरी काय?"

या मशीनचं नाव स्पायरोमीटर. जोरात फुंकायचं, मग औषधाचा पंप घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. पंपानंतर श्वास चांगला मोकळा झाला, तर कल दम्याकडं. पंप घेऊनही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्के हवा बाहेर पडत नसेल, तर सीओपीडीची शक्यता मोठी. काहींना दोन्ही असतं. दम्याच्या रुग्णाची तपासणी बऱ्या दिवशी नॉर्मलही येते. म्हणून एका कागदावर निकाल लागत नाही. पण नुसत्या एक्स-रेवर अन् नळी छातीला लावून तर मुळीच लागत नाही.

नावानं काय फरक पडतो? औषधात पडतो. दम्यात पंपातून घ्यायचं स्टेरॉइड हा मुख्य आधार. सीओपीडीत श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं आधी, स्टेरॉइड काही जणांनाच, कारण त्यानं न्यूमोनियाचा धोका वाढतो. टीबी बरा झाल्यावर फुफ्फुसात राहिलेल्या वणानंही धाप लागते, हृदय कमजोर असलं तरी लागते. नाव चुकलं की वर्षानुवर्षं चुकीचं औषध चालतं.

अन् नाव कळत नाही म्हणून माणूस भटकतो. कोणी कोजागिरीला दुधातलं औषध घेतो, कोणी मृगाला हैदराबाद गाठून मासा गिळतो. त्यांना हसू नका. दवाखान्यात नीट उत्तर मिळालं असतं, तर कशाला गेले असते?

२०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण होते अन् दम्याचे ३.८ कोटी. म्हणजे ज्याचं नाव कोणाला माहीत नाही, तो आजार मोठा. उज्ज्वला योजना २०१६ ची. सिलिंडर घरात आला, पण चहापुरता. भाकरी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवरच. वर हळदीच्या हंगामात शिजवणीचा धूर अन् ढोलाचा धुराळा. बिडी न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी कसा, याचं उत्तर इथंच शोधावं लागेल.

गंमत बघा. तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई जो सरकारी फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का, स्वयंपाकाला इंधन कोणतं, हे विचारलेलंच आहे. प्रश्न विचारला, बाईनं खरं सांगितलं. पुढं काय?

म्हणून आरोग्य विभागाला साधी मागणी. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अन् हिंगोली, प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्पायरोमीटर आहे का, चालू आहे का, नीट फुंकून घेणारा शिकलेला माणूस आहे का, हे जाहीर करा. नसेल तिथं आठवड्यातून एक दिवस तरी सोय करा. हिंगोलीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय, त्यांनी पुढाकार घ्यावा.

अन् घरात धापेचा माणूस असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, फुंकायची तपासणी करायची का?" चुलीचं, हळदीच्या कामाचं, जुन्या टीबीचं सगळं सांगा. पंपाची सवय लागते ही भीती काढून टाका. चालू औषध मात्र मनानं बंद करू नका.

तुमच्या तालुक्यात ही तपासणी होते का? कमेंटमध्ये गावासकट लिहा. यादी करून मी ती जिल्हा शल्य चिकित्सकांकडं देतो.