तापलेल्या पोवळ्यावर आमचे पाय

कन्नडमध्ये हवळ, मराठीत पोवळे. दोन्ही शब्द 'प्रवाळ' या संस्कृत शब्दाच्याच घरचे. आमच्या सीमाभागात घरची भाषा कोणतीही असो, पोवळे नवरत्नांत मोजले जाते आणि मंगळासाठी अंगठीत बसवले जाते. (दागिन्यातले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, त्याची जात निराळी.) त्यामुळे पोवळे म्हणजे खडा, अशी आमची पिढ्यानपिढ्यांची समजूत. समुद्रात ते दिसले की त्यावर खुशाल उभे राहण्याचे मूळ मला याच समजुतीत दिसते.

यंदा शाळेच्या सहलीसाठी एका प्रवासी कंपनीचे पत्रक आले. सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी स्नॉर्कलिंग, माशांना पाव घालण्याची सोय, पाण्याखाली फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'पोहता येण्याची गरज नाही'. मी नकार दिला. त्यावरून काही पालक नाराज झाले. त्यांतले एक सुशिक्षित गृहस्थ नुकतेच सहकुटुंब लक्षद्वीपला जाऊन आलेले. ते म्हणाले, "सर, प्रवाळ मरतात ते समुद्र तापल्यामुळे. चार पोरांच्या पायांनी काय होणार आहे?" हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो, म्हणून त्याला जाहीर उत्तर देतो.

पहिले वाक्य खरे आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते, तेच त्याला रंग देते आणि बहुतेक अन्नही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो व पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010, 2016 आणि 2024 साली मोठ्या प्रमाणावर घडले. अगत्ती, कवरत्ती आणि कदमत या बेटांवर 1998 पासून 24 वर्षे मोजणी झाली, तेव्हा जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलेले आढळले.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? घरात कोणी तापाने फणफणले असताना, 'नाहीतरी ताप आलाच आहे' म्हणून त्याच्या छातीवर पाय देऊन कोणी उभे राहते का?

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परत येते, प्रवाळ सावरतो. त्याला तेवढी उसंत हवी असते. पोहणे न येणारा माणूस मुखवटा लावून उथळ पाण्यात उतरतो. नळीत खारे पाणी शिरते, तो घाबरतो आणि पाय टेकायला जागा शोधतो. ती जागा म्हणजे प्रवाळ. फांद्यांचा प्रवाळ काडकन मोडतो. गोल, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. घागरीएवढा गोळा म्हणजे किती वर्षे झाली, ते सातवीतला मुलगाही सांगेल. पायातल्या पंखांनी उडालेली वाळू प्रवाळावर बसते ती वेगळीच. ती झटकण्यात त्या जिवाची शक्ती जाते. आणि पावाचे म्हणाल, तर मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडून नव्या पिलांना बसायला जागा करून देणे हे पोपटमाशासारख्या माशांचे काम. त्यांना पावाची लाचारी शिकवून आपण काय साधतो?

रोजगाराचा मुद्दा मी हलका मानत नाही. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची स्नॉर्कलिंगची छायाचित्रे झळकली आणि लक्षद्वीपची चौकशी करणाऱ्यांची झुंबड उडाली. परंतु ती बेटे प्रवाळाच्याच चुऱ्यावर उभी आहेत. सगळी मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर. बाहेरची लाट अडवतो तो प्रवाळाचा कठडा. तो ढासळला तर रोजगाराआधी घराखालची जमीनच जाईल. थायलंडने माया बे हा जगप्रसिद्ध किनारा 2018 मध्ये बंद केला, प्रवाळ नव्याने लावले आणि 2022 मध्ये पोहण्यावर बंदी ठेवूनच तो पुन्हा उघडला. म्हणून काही थायलंडचे पर्यटन बुडाले नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासूनचे आणि उणेपुरे 29.12 चौरस किलोमीटरचे. सुट्टी लागली की आंबोली उतरून आम्हीच तिथे गर्दी करतो. तेव्हा माझी मागणी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांकडे आहे, तशी वाचकांकडेही. पोहता न येणाऱ्याला प्रवाळावर उतरवू नये. त्याच्यासाठी काचेच्या तळाची होडी असते. पाणी तापलेल्या महिन्यांत प्रवाळाच्या जागा सर्वांनाच बंद ठेवाव्यात. आणि ज्यांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बेटावरून आणलेला पांढरा तुकडा आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की वन्यजीव कायद्याने 2001 पासून अशा प्रवाळाला वाघाच्याच पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत, बसवले आहे.