करिया म्हणू की दरिया?

कुत्रं घरात आलं की पहिले दोन दिवस कौतुकात जातात आणि तिसऱ्या दिवशी नावाचा वाद सुरू होतो. पिल्लू असेल तर वाद सोपा. पाटी कोरी असते. मोती लिहा, टायगर लिहा, नाहीतर मुलांच्या आवडत्या क्रिकेटपटूचं नाव लिहा. पण दुसऱ्याच्या अंगणात वाढलेला मोठा कुत्रा आपल्याकडे आला, तर त्या पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं असतं. ते पुसायचं की राहू द्यायचं? आपल्या भागात हल्ली हा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. मुलं पुण्या-बेंगळूरला नोकरीला जातात, मागाहून आईवडील त्यांच्या फ्लॅटमध्ये जातात आणि दारातला कुत्रा मागे राहतो. मग कुणीतरी शेजारी त्याला आपलं म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे असाच एक पाहुणा आला. सात वर्षांचा, गावठी, काळाकुळकुळीत. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांचा तो कुत्रा. मास्तर मुलाकडे निघाले. तिथे नवव्या मजल्यावर कुत्र्याची सोय नव्हती. जाताना त्यांनी पट्टा, जर्मनचं ताट आणि लसीचं कार्ड आमच्या हाती दिलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, ह्याचं नाव करिया. बारो म्हटलं की येतो."

कन्नडात करिया म्हणजे आपला काळ्या. घरात लगेच मतं पडली. नववीतल्या मुलाला ब्रूनो हवं होतं. यजमानांचं म्हणणं, काळू म्हणा, भाषांतर झालं की काम झालं. माझा कौल मास्तरांचं नाव तसंच ठेवण्याकडे होता. घर बदललं, माणसं बदलली, बोली बदलली. निदान हाक तरी ओळखीची असावी. शेजारच्या वहिनी कुंपणावरून हसत म्हणाल्या, "काय हो, एवढा वेळ कुत्र्याला नाव ठेवूलालाय, का नावं ठेवूलालाय?" सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मागच्या चाळीतली एक बाई दारात आली. "अक्का, बेसर माडकोब्याड्री," अशी सुरुवात करून तिने हळूच सांगितलं. तिचा मुलगा तिसरीत आहे, रंगाने काळा. वर्गातली पोरं त्याला करिया म्हणून चिडवतात. आता रोज संध्याकाळी आमच्या दारातून करिया, करिया अशी हाक गेली, की गल्लीतली पोरं त्याच्याकडे बघून हसतात. तो खेळायला बाहेर यायचा बंद झाला होता. मास्तरांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं, तिथली हाक चाळीपर्यंत पोचत नव्हती. तिने तक्रार केली नाही, नाव बदला असंही म्हटलं नाही. सांगितलं आणि गेली.

यजमानांचा काळू तिथेच निकालात निघाला. भाषांतराने टोमणा बदलत नाही. आता प्रश्न तिघांचा झाला. एकीकडे मास्तर, ज्यांचं त्या घराशी उरलेलं नातं म्हणजे हा कुत्रा आणि त्याचं नाव. दुसरीकडे आठ वर्षांचं एक पोर. आणि मधे स्वतः कुत्रा, ज्याला कुणीच विचारलेलं नव्हतं.

कुत्र्याच्या बाजूने पाहायचं तर त्याला नावाचा अर्थ कळत नाही. काळा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी नाव म्हणजे एक आवाज, जो ऐकू आला की बहुधा काहीतरी चांगलं घडतं: भाकरी मिळते, फिरायला जायचं असतं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवतं. मात्र आवाजाच्या बाबतीत तो आपण समजतो त्यापेक्षा हुशार आहे. हंगेरीत बुडापेस्ट इथल्या इओट्वोश लोरांड विद्यापीठात कुत्र्यांच्या मेंदूवर बरीच वर्षं काम चाललं आहे. तिथल्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ कुत्र्यांना 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकातले उतारे स्पॅनिश आणि हंगेरियन अशा दोन भाषांत ऐकवले. प्रत्येकाच्या घरी यांपैकी एकच भाषा बोलली जात होती. ओळखीची भाषा आणि परकी भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूत वेगवेगळ्या हालचाली दिसल्या आणि कुत्रा जितका वयस्कर, तितका हा फरक ठळक होता. म्हणजे सात वर्षं कन्नड ऐकलेला कुत्रा मराठी घरात आला, तर नुसतं घरच नव्हे, भोवतालचा सगळा नादच बदलला हे त्याला कळत असणार. पहिले काही दिवस तो दाराकडे तोंड करून बसतो, त्यात हेही एक कारण असेल.

त्याच विद्यापीठातला २०२० सालचा दुसरा एक अभ्यास आमच्या फारच उपयोगी पडला. कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ओळखीचे शब्द ऐकवले. मग त्याच शब्दांतला एखादाच ध्वनी बदलून ऐकवले. आणि मग अगदीच वेगळे, निरर्थक शब्द ऐकवले. वेगळे शब्द मेंदूला वेगळे वाटले. पण एकच ध्वनी बदललेला शब्द आणि मूळ शब्द यांत मेंदूने फरक दाखवला नाही. आपल्या आज्या 'मोत्या' आणि 'मोती' असं काहीही म्हणतात आणि कुत्रा येतोच, त्याचं मर्म यात असावं.

हे वाचत बसले होते त्या रात्री सासूबाई बोलल्या. त्यांचं माहेर निपाणीकडचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, ते गेली पन्नासहून अधिक वर्षं रेशनकार्डावर आहे. "पहिलं वर्षभर मला हाक मारली तरी माझी मान वळायची नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूला वाटायचं पोरगी बहिरी आहे का काय. एकदा तर कानात तेल घातलं तिने. मी ऐकायची, पण ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात असं वाटायचं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बदलायचं तर बदला. पण मान वळली नाही म्हणून त्याच्यावर ओरडू नका."

इतक्या वर्षांत हे आम्ही त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे भाऊ आले की जुन्या नावाने हाक मारतात आणि त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठतात, हे मी पाहत आले होते. त्याचा अर्थ त्या रात्री लागला. नाव बदलणाऱ्याला ते एका दिवसाचं काम वाटतं. ज्याचं बदलतं त्याला वर्ष लागतं.

आपण सीमेवरची माणसं या गोष्टीत खरं म्हणजे तज्ज्ञ असायला हवीत. २०१४ साली १ नोव्हेंबरला राज्यातल्या बारा शहरांची सरकारी नावं बदलली, त्यात आपल्याही शहराचं बदललं. तरी घरात जो जे म्हणत होता तो तेच म्हणतो. मंगसुळीच्या देवाला मराठी भक्त खंडोबा म्हणतो, कन्नड भक्त मल्लय्या म्हणतो; भंडारा दोघांच्याही कपाळाला तोच लागतो आणि देवासोबतचा कुत्राही तोच असतो. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत तो मुधोळ हाउंड म्हणून आहे. मराठी मुलखात त्यालाच कारवान म्हणतात. नावं दोन असली तरी धावायचा वेग काही कमी होत नाही. आपल्याकडे माणसाला, गावाला, देवाला दोन नावं चालतात, तर कुत्र्याला का चालू नयेत?

म्हणून ठरलं ते असं. दारातून, गल्लीत, फिरायला नेताना नवं नाव: दरिया. आपला दर्या, समुद्र. कुणाच्या रंगाला लागत नाही. एकच अक्षर बदलायचं, हाकेची लांबी आणि शेवटचा 'या' तसाच ठेवायचा. ब्रूनो एका मताने पडला. मुलाने दोन दिवस तोंड फुगवलं, पण सवय लावायचं काम त्याच्याकडेच दिल्यावर तो खुलला.

ही सवय लावायची रीत सोपी आहे, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. आधी नवं नाव उच्चारायचं, लगेच जुनं, आणि त्याने पाहिलं की बिस्किटाचा तुकडा: "दरिया, करिया" आणि घास. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. आठवड्याभराने जुनं नाव जरा उशिरा घ्यायचं. बरेचदा तोवर नव्या नावालाच मान वळलेली असते. नव्या नावाने कधीही रागवायचं नाही, आंघोळीला किंवा सुईला नेताना त्या नावाने बोलवायचं नाही. पूर्वीच्या घरी त्या नावाने मार खाल्लेला कुत्रा असेल, नाव घेताच शेपूट पायांत घालत असेल, तर मात्र मिळतंजुळतं नाव नको. पूर्ण वेगळं द्यावं. आणि आवाज गोड हवा. बुडापेस्टच्याच २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात म्हटला तरच कुत्र्याच्या मेंदूतलं आनंदाचं केंद्र जागं होतं. नुसता शब्द पुरत नाही, नुसता सूरही पुरत नाही.

दोन भाषांच्या घरात आणखी एक भान ठेवावं लागतं. बिट्टू हे नाव लाडाचं खरं, पण कन्नडात 'बिडु' म्हणजे सोड. आजोबा चप्पल सोडवायला 'बिडु' म्हणणार आणि कुत्र्याला वाटणार आपल्याला बोलावलं. बाबू म्हणाल तर सुरुवातच 'बा' म्हणजे 'ये' ने होते. मराठीत 'बस' म्हणजे खाली बस आणि 'बस' म्हणजे पुरे, सासूबाई भुंकणं थांबवायला "बस!" म्हणतात, तर आमचा गडी भुंकत भुंकत खाली बसतो. तेव्हा घरात आधी ठरवून घ्यावं: बोलावायला 'बा' की 'ये', थांबवायला 'ब्याड' की 'नको'. एका कामाला एकच शब्द, मग तो कुठल्याही भाषेतला असो. आम्ही मास्तरांचे 'बा' आणि 'कुंद्रु' तसेच ठेवले. त्याचं शिक्षण कन्नड माध्यमातून झालं आहे. सातव्या वर्षी माध्यम बदलायचं कशाला?

कन्नडात 'साकु' म्हणजे पुरे आणि 'साकु' म्हणजे सांभाळणं, वाढवणंही. पाळीव कुत्र्याला 'साकु नायि' म्हणतात आणि सांभाळलेल्या मुलाला 'साकु मगा'. दुसऱ्याचं मूल असो की कुत्रं, आपलं म्हणताना त्याच्या आधीच्या आयुष्याला 'पुरे' म्हणायचं की तेही सोबत सांभाळायचं, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. आम्ही दुसरा घेतला.

राहिले मास्तर. त्यांना फोनवर खरं कारण सांगितलं. चाळीतल्या पोराचं ऐकल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "छलो माडिद्री, बाई. पोर मोठं की नाव मोठं?" आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. फोन स्पीकरवर ठेवला, की "बारो करिया" ऐकून हा उठतो आणि फोनला नाक लावतो. ते नाव त्या दोघांचं. त्यात आम्ही पडत नाही.

पुढच्या महिन्यात रेबीजच्या लसीची तारीख होती. वर्षाच्या वर्षाला ती चुकवायची नसते, आणि नाव बदललं तरी जुनं कार्ड टाकून द्यायचं नसतं. आधीच्या लसींची नोंद त्यावरच असते. दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, "कार्डावर करिया आहे, तुम्ही दरिया म्हणताय. कुठलं लिहू?" सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "दोन्ही लिहा की." त्याने सवयीने लिहिलं: दरिया ऊर्फ करिया. आपल्या भागातल्या निम्म्या लोकांच्या कागदांवर असतं, तसंच.