टूना मिळाला नाही, पोरगं घरी आलं हेच पुष्कळ

मंडळी, थंडी पडली की आपल्या ताथवडे-पुनावळ्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरते. 'खोल समुद्रात फिशिंग, टूना पकडा, नाश्ता-जेवणासह.' सोबत व्हिडिओ अमेरिकेतला. लांब परांचे अल्बाकोर टूना धडाधड डेकवर पडतायत. आयटीवाला असो की चाकणच्या कंपनीतला, आठवडाभर पिचलेला माणूस भुलणारच. मीही भुललो.

गेल्या जानेवारीत आम्ही अकरा जण ताम्हिणी उतरून रायगड किनाऱ्यावरच्या एका गावात गेलो. माणशी अठराशे रुपये आधीच ऑनलाइन भरलेले. माझा बारा वर्षांचा मुलगा सोबत. होडीत तांडेल, दोन खलाशी आणि आम्ही, एकूण चौदा माणसं. लाइफ जॅकेट पाच. बर्फाची पेटी होती, पण ती मासळीसाठी नव्हती, बिअरसाठी होती.

मुलाने विचारलं, "बाबा, माझं जॅकेट?" मी म्हणालो, "अरे, समुद्र शांत आहे." मंडळी, हे वाक्य माझं आहे. वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाचं.

दुपारी वारा वाढला आणि पंख्यात तुटकं जाळं अडकलं. इंजिन बंद. मोबाइलला रेंज नाही, होडीवर वायरलेस नाही. होडी आडवी होऊन डोलायला लागली. तांडेल कमरेला दोर बांधून, दातात सुरी धरून पाण्यात उतरला. चाळीस मिनिटांनी जाळं कापून वर आला तेव्हा त्याचे हात रक्ताळले होते. तोवर मी मुलाचा दंड सोडला नव्हता. टूना सोडा, साधी सुरमईही लागली नाही.

आता मुद्द्याचं. ती होडी मासेमारीची होती. मासेमारी नौकेची नोंद आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे. पैसे घेऊन पर्यटक न्यायचे तर मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, होडीची तपासणी होते, माणसांची संख्या ठरते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही अकरा सुशिक्षित माणसांनी यातलं काहीच विचारलं नाही.

व्हिडिओतल्या अमेरिकेत एक जरी गिऱ्हाईक पैसे घेऊन न्यायचं असेल तरी कप्तानाकडे तिथल्या कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. तपासणी न झालेल्या छोट्या बोटीवर सहापेक्षा जास्त गिऱ्हाइकं चालत नाहीत. आपण त्यांचा व्हिडिओ उचलला, नियम तिथेच ठेवले. अन् तो अल्बाकोर थंड पाण्यातला मासा. आपल्या किनाऱ्याला मिळतो तो कुपा, गेदर. म्हणजे जाहिरातीतला मासासुद्धा आपला नाही.

काही जण म्हणतील, एवढं काय, कोळी पिढ्यान्‌पिढ्या जातातच की. जातात. पण ते समुद्र वाचू शकतात, आपण नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटली, दोघे गेले. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 जणांचा जीव गेला. घराजवळचं हवं तर 15 जून 2025 चा कुंडमळ्याचा पूल आठवा. चार माणसं. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्याच ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना स्फोट झाले, शेजारच्या स्कूलबस जळाल्या. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं, पण आधीच कुणीतरी विचारायला हवं होतं, हे सगळीकडे सारखंच.

यात सगळा दोष तांडेलावर ढकलणं मला मान्य नाही. डिझेल महागलंय, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, वर पर्ससीन आणि एलईडीवाल्यांनी छोट्या मच्छीमाराच्या जाळ्यात काही ठेवलेलं नाही. पर्यटक हा त्याचा हक्काचा जोडधंदा होऊ शकतो. म्हणून बंदी नको. छोट्या नौकेला पर्यटक नेण्याची परवानगी स्वस्तात आणि त्याच्या बंदरावरच मिळू दे. जॅकेट आणि वायरलेसला अनुदान द्या. आणि पुण्यात बसून बुकिंग घेणाऱ्या एजंटाचीही नोंद करा. अपघात झाला की तांडेल पोलीस ठाण्यात बसतो, एजंटाचा मोबाइल बंद असतो.

तोवर आपण एवढं करायचं. पैसे भरण्याआधी विचारा: प्रवासी परवाना आहे का? माणशी एक जॅकेट आहे का, मुलांच्या मापाचं आहे का? वायरलेस आहे का? त्या दिवशी लाटांचा इशारा आहे का? 'आयएनडी एमएच'ने सुरू होणारा नंबर दिसला तर ती मासेमारी नौका आहे, हे लक्षात ठेवा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर 1554. एकाही प्रश्नाला "होतंय ओ, कशाला घाबरता" असं उत्तर आलं, तर किनाऱ्यावर बसून वडे खा आणि परत या.

पोरगं आता पुन्हा चल म्हणतंय. मी म्हटलंय, जाऊ, पण जॅकेट आधी, गळ नंतर.

तुमच्या ग्रुपवर ती जाहिरात आली असेल तर त्याखाली ही पोस्ट टाका. आणि असा अनुभव कुणाला आला असेल तर कमेंटमध्ये लिहा, पुढची बातमी त्यावरच करू.