वारा सुटला की काडी जपा



होळी झाली की ऊन तापू लागते. सकाळ बरी जाते, पण अकरा-बारा वाजले की कोरडा, गरम वारा सुटतो. ओठ फुटतात, डोळ्यांत धूळ जाते, दोरीवर टाकलेले लुगडे घटकाभरात वाळते. घरातल्या बाईला वाटते, चला, कपडे तरी लवकर वाळले. पण ज्या वाऱ्याने लुगडे वाळते, त्याच वाऱ्याने जंगलातला पालाही वाळतो. आज त्या पाल्याविषयी बोलायचे आहे, कारण त्यात आपल्यासारख्याच घरांतली माणसे जळून मेली आहेत.

भंडारा-गोंदियाचा मुलूख आपल्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीचा आहे. खाली धानाच्या सपाट बांध्या, जागोजागी तळी, आणि मधूनच उठलेले डोंगर. नागझिरा आणि नवेगावचे जंगल या डोंगरांवर आहे. साग, मोह, तेंदू ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात. फेब्रुवारीपासून जमिनीवर पाल्याचा थर साचत जातो, गवत पिवळे पडते, हवेत ओल राहत नाही. म्हणूनच १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम धरला जातो.

वणवा आपोआप लागतो, फांदीवर फांदी घासून लागतो, असे आपण ऐकत आलो. खरे पाहता आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. त्यात दुष्टपणा थोडा आणि पोटाची घाई जास्त असते. मोहफूल पहाटे गळते. ते पाल्यात दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून कुणी झुडपांत आग लावतो. पावसाळ्यात गवत चांगले यावे म्हणून कुणी माळ पेटवतो. कुणी शेताचे धुरे जाळतो आणि जेवायला घरी जातो. कुणी विडीचे थोटूक वाटेत टाकतो. वारा नसेल तर यातली बरीचशी आग जागच्या जागी विझते. वारा असला की मात्र ती कुणाच्या हाती राहत नाही.

वारा आगीला तीन प्रकारे मदत करतो. तो तिला नवी हवा पुरवतो. तो ज्वाळा पुढे वाकवतो, त्यामुळे पुढचा पाला पेटण्याआधीच तापून कोरडा होतो. आणि जळती पाने उडवून तो नवी आग दूर लावतो. डोंगराचा चढ असेल तर धोका आणखी वाढतो. चुलीतली ज्वाळ वर धावते, तशीच डोंगरावरची आगही वर धावते. साधारण दहा अंशांचा चढ असला तर सपाटीपेक्षा आग दुप्पट वेगाने सरकते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. माणूस चढावर दमतो; आग चढावर जोर धरते.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात हेच घडले. वणवा विझवायला वनखात्याची माणसे आणि रोजंदारीवरचे मजूर डोंगरावर गेले होते. आग आटोक्यात येत असताना वाऱ्याने ती पुन्हा भडकली. तीन मजूर जळून मेले, आणखी काही जण भाजले. त्याआधी ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, वाळल्या गवताच्या उतारावर फिरायला गेलेली मंडळी वणव्यात सापडली. त्यात २३ जणांचा जीव गेला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या चार कामगारांचा त्याच दिवशी मृत्यू झाला.

आज उपग्रहाला आकाशातून आग दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनरक्षकाच्या मोबाईलवर सूचना येते. ही मोठीच सोय झाली. पण मोबाईल वाजल्यावर डोंगर चढतो तो मजूर, आणि त्याच्या हातात बरेचदा हिरव्या पाल्याची फांदीच असते. पाला पेटवणारा गरीब आणि तो विझवताना मरणारा पुन्हा गरीबच. हे चक्र आपणच तोडायला हवे.

मोहफूल वेचू नका, असे कुणी म्हणणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. पण हक्काच्या झाडाखाली आग लावली तर मोहाची लहान रोपे जळतात, आणि पुढच्या पिढीला वेचायला झाड उरत नाही. शिवाय १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहेच.

तेव्हा साध्या गोष्टी करू या. झाडाखालचा पाला खराट्याने झाडून बाजूला लोटावा. घरात जुनी लुगडी असतील तर ती जोडून झाडाखाली पसरावीत. फुलाला माती लागत नाही, माल स्वच्छ राहतो आणि भावही बरा येतो. धुरे जाळायचेच असतील तर भर दुपारी आणि वाऱ्यात जाळू नयेत. आधी भोवतालची पट्टी साफ करावी, पाण्याची घागर जवळ ठेवावी आणि राख थंड होईपर्यंत हलू नये. धूर दिसला तर वनरक्षकाला किंवा सरपंचाला लगेच कळवावे. कधी वणव्यात सापडलात तर आगीच्या पुढे डोंगर चढत पळू नका. वाऱ्याला आडवे, बाजूने निघा. आग जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर किंवा उघड्या खडकावर जा. नायलॉनचे कपडे अंगाला चिकटतात, म्हणून जंगलात जाताना सुती घालावे.

आणि एक काम ग्रामसभेचे. आपल्या गावातून वणवा विझवायला कोण जातो, त्याच्या पायात बूट आहेत का, प्यायला पाणी आहे का, त्याचा विमा उतरवला आहे का, रोजी वेळेवर मिळते का, हे उभे राहून विचारा. आयाबहिणींनी विचारले तर जास्त बरे, कारण संध्याकाळी त्याची वाट त्याच पाहतात.

एप्रिलात जयंतीसाठी नागपूर-मुंबईहून तुमच्यापैकी बरेच जण गावाकडे जातील. सगळी भावकी एकत्र जमते. त्या रात्री ओसरीवर बसाल तेव्हा हा विषय काढा. वाटेत विडी ओढणाऱ्या मामालाही प्रेमाने सांगा, थोटूक पायाखाली चिरड, वर माती टाक, मगच पुढे चल.